कडेची किल्ली

मित्रांनो, मी एक शेपटीवाला, वयस्कर माऊस आहे. वायरीला मी शेपटीच म्हणतो. हल्लीच्या बिनवायरीच्या माऊसांवर माझा विश्वास नाही. खरं सांगायचं तर माझा कुणावरच चटकन विश्वास बसत नाही.

याला कारण माझा जन्म. कारखान्यात एक लोखंडी बोट आमच्या बटणांवर टकटक करत राहायचं. जो दमला तो टोपलीत. पुढे मी एका कुरिअर कचेरीत कामाला लागलो. तिथल्या बाईंनी "चांगला चालतो हो हा" म्हणून माझं कौतुक केलं, आणि नवे माऊस येताच मला खोक्यात टाकलं. तेव्हापासून कौतुकाचाही मला संशय येतो. पण त्याच बाईंनी मला नंतर घरी नेलं, त्यांच्या सासूबाईंसाठी.

सासूबाई कपड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. तयार शर्टातला सुटलेला टाका हुडकणं हे त्यांचं काम. "माझ्या नजरेतून दोरा सुटला नाही कधी," हे वाक्य त्या घरातल्या भिंतींनाही पाठ होतं.

सूनबाई कामावरून आल्या की दोघी एक गेम खेळायच्या. बंद पडलेलं हॉटेल, काळोखे जिने आणि हरवलेली मुलगी. त्यात पळापळ नाही, गोळीबार नाही. नुसता बाण फिरवायचा आणि संशय आला तिथे टिचकी मारायची. गादी उचलायची, तसबिरीमागे डोकवायचं, नोकर खोटं बोलतोय का ते ताडायचं. दुसऱ्याच्या घरात एवढी उचकापाचक कोण करू देतं? माझ्यासारख्याला तर तो स्वर्गच होता. पण गेममध्ये खोटही होती. मेणबत्तीला मोजा बांधून धुराडं झाडायचं, हे कुठल्या शहाण्याला सुचेल? आणि मोहरीएवढी वस्तू अंधारात दडवायची, मग बसा टिचक्या मारत!

एकदा सगळं तळघराच्या किल्लीपाशी अडलं. सासूबाईंनी टिचक्या मारून मारून माझं बटण झिजवलं. "गेमच फालतू आहे. नुसता काळोख करून ठेवलाय," त्या वैतागल्या. सूनबाईंनी मला हातात घेतलं आणि किल्ली लगेच सापडली.

"तुला बरी सापडली! मोबाईलवर उत्तर बघितलंस ना?"

"नाही हो आई. समोरच तर होती."

"मग मी काय आंधळी आहे?"

सूनबाई उठून गेल्या. घरात अबोला सुरू झाला. माझाही संशय सूनबाईंवरच होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाई एकट्याच खेळायला बसल्या. पडद्यावरचं मला दोघींच्या बोलण्यावरूनच कळतं, पण हात थेट कळतो. सूनबाईंचा हात मला चारही कोपऱ्यांत फिरवायचा. सासूबाईंचा मात्र मधल्यामध्येच घुटमळत होता, कडेला म्हणून जाईना. मला भीती वाटली, पण सांगणार कसं?

सूनबाई दारात उभ्या होत्या. समजूत काढायला आल्या होत्या बहुतेक. त्या बघतच राहिल्या.

"आई, पडद्यावर उजवीकडे दिवा आहे. दिसतोय?"

"कुठला दिवा?"

सूनबाईंचा आवाज एकदम हळू झाला. "जरा मान वळवून बघा."

"अगं बाई! हा इथे होता?"

माझ्यावरचा हात गार पडला.

डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. कडेची गेलेली नजर परत येणार नव्हती. रोज न चुकता थेंब घातले, तर उरलेली टिकण्याची आशा होती. आणखी उशीर झाला असता तर तीही गेली असती.

मित्रांनो, माझ्या पोटातली धूळ पुसा, शेपटी ओढू नका, असं सांगायला मी बसलो होतो. ते राहू दे. घरातल्या कुणाचा हात चुकायला लागला, तर त्याच्यावर चिडू नका. त्याला नीट दिसतंय का, हे आधी विचारा. संशय घ्यायचाच तर आजाराचा घ्या, आणि वेळेवर घ्या.

डॉक्टरांकडून आल्यावर बरेच दिवस सासूबाईंनी मला हात लावला नाही. "टाके शोधणारी बाई मी," त्या एका दुपारी म्हणाल्या, "आता कडेचं काहीच दिसायचं नाही गं मला." आणि त्या रडू लागल्या. सूनबाईंनी आपली खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात उचलून माझ्यावर ठेवला.

"मधलं तुम्ही बघा, आई. कडेचं मी सांगते."