साडेसत्तावीस इंच

धनुष्याच्या दुकानात बत्तीस वर्षं घालवल्यावर मी एवढं खात्रीने सांगते, की धनुष्य घ्यायला आलेला पुरुष खोटं बोलतो. "सत्तर पौंड आरामात खेचतो मी," म्हणतो, आणि पंचावन्नाचं हातात दिलं की मानेपर्यंत लाल होतो. हात किती लांब विचारलं तर दोन इंच चढवून सांगतो. म्हणून मी विचारतच नाही. भिंतीला पाठ लावून उभं करते, हात पसरायला लावते, फीत लावते आणि येईल त्या आकड्याला अडीचने भागते. तेवढी त्याची खेच. कंपाऊंड धनुष्याची चाकं त्या मापाला बसवली की ते फक्त त्याचं होतं. दुसऱ्या कुणाच्या अंगाला ते नीट बसत नाही.

मग डोळा. दोन्ही पंजे जुळवून मधे छोटं भोक करायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून माझं नाक बघायचं. भोकात मला जो डोळा दिसतो, त्या बाजूचं धनुष्य. आर्नीची परीक्षाही मीच घेतली होती. भोकातून त्याचा उजवा निळा डोळा माझ्याकडे बघत होता, नाकाकडे कमी आणि बाकीकडेच जास्त. माप भरलं साडेसत्तावीस. पठ्ठ्याने तरी एकोणतीसचंच धनुष्य नेलं आणि चार महिन्यांनी मलाही. तेव्हापासून तो एकोणतीसच वापरतो. कोपर मागे लटकतं, बाण डावीकडे जातात, आणि दोष वाऱ्याचा.

तर ऑगस्टच्या शेवटी, हरणांच्या शिकारीचा मोसम महिन्यावर आलेला, आर्नी भर दुपारी दुकानात आला. हातात माझ्यासाठी खिमा-बटाटा भरलेली गरम पास्टी. लाकडाचा ट्रक सोडून तो दुपारी कधी येत नाही.

"आज गिऱ्हाईक म्हणून आलोय," म्हणाला.

"या साहेब. काय दाखवू?"

"एक धनुष्य हवंय. शिकारीलाही चालेल आणि रविवारी निशाण्यावरही मारता येईल असं. डावखुरं."

मी पास्टीचा कागद सोडायची थांबले. "डावखुरं कुणाला?"

"आहे एक मित्र."

"नाव?"

"तुला काय करायचंय नाव? पंचेचाळीस पौंड पुरे. फार जोर नाही लावायचा. खेच साडेसत्तावीस."

याचे मित्र सगळे जंगलात लाकडं तोडणारे, आणि पंचेचाळीस पौंड? तेवढं तर बायका नेतात. शिवाय माप अर्ध्या इंचापर्यंत पाठ. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. भिंतीवरची तीन धनुष्यं काढून गल्ल्यावर मांडली.

"हे तोकडं. झाडावरच्या मचाणात बसायला बरं, पण निशाण्यावर थरथरतं. हे लांब, अगदी स्थिर, पण रानात फांदीफांदीला अडकेल. हे मधलं, तेहतीस इंचांचं. वेगाला जरा कमी, पण खेचताना अंगावर येत नाही. नवशिक्याची चूक पोटात घालतं. मित्र नवशिका आहे ना?"

"हो. म्हणजे, डाव्या हाताला नवशिका."

हे वाक्य तेव्हाच ऐकायला हवं होतं मी. पण माझे कान दुसरीकडेच होते.

"हे मधलं दे," म्हणाला आणि दाराकडे वळला. वळताना बाणांची उभी मांडणी त्याने खांद्याने पाडली. निम्मे बाण तसेच सोडून गेला. मन दुसरीकडे असल्यावर असंच होतं, असं मी तेव्हा समजले.

डावखुरी बाई मला एकच माहीत होती. लुआन. कागदाच्या गिरणीवर लाकडाचे ट्रक काट्यावर घेते. विधवा, उंच, हसायला मोकळी. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडूनच डावखुरं पंचेचाळीस पौंडांचं नेलं होतं. आर्नीचा ट्रक रोज दोनदा तिच्या खिडकीखाली थांबतो. जुनी वही काढून बघितलं: लुआन, खेच साडेसव्वीस. म्हणजे एक इंचाचा फरक. गिऱ्हाइकाचा पाव इंच चुकला तरी मी अख्खं धनुष्य परत उघडते. त्या दिवशी मात्र एक इंच मी सरळ गिळला. संशयाला तेवढी जागा करून दिली.

मग मागचे चार महिने सगळे रांगेत येऊन उभे राहिले. आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून गाडीत मी त्याच्या उजव्या हाताला बसते, पण तो हल्ली माझ्याकडे मान वळवत नव्हता. मी बोलते आहे, हातवारे करते आहे, आणि हा समोर बघतोय. जेवताना जागा बदलून बसायला लागला होता. एकदा कॉफी ओतली ती सरळ मेजावर. "कुणाचा विचार चाललाय?" विचारलं तर दचकला. दोनदा ट्रकचं काम आहे म्हणून शहरात जाऊन आला, आणि ट्रक तर दाराशीच उभा होता. एकतीस वर्षांचा संसार आणि मी बसले होते हे असले दाणे वेचत. रडू आलं नाही. राग मात्र असा आला की मधमाशांचं पोळं डोक्यात घेऊन फिरत होते.

धनुष्य मी नीट जुळवलं. दोरी जरा कमजोर करून ठेवावी, असा विचार एकदा आला, खोटं कशाला बोलू. पण दुकानात उभी असताना मी कुणाचं वाईट धनुष्य बनवत नाही, सवतीचंही नाही. फक्त पीप बांधलं नाही. दोरीत ओवलेलं ते बारीक भोक, ज्यातून नेम धरायचा, ते माणसाच्या डोळ्यासमोरच बांधावं लागतं.

"मित्राला घेऊन ये," म्हटलं. "पीप त्याच्या डोळ्याला बांधायचंय."

"तो बांधेल स्वतः."

"नवशिका पीप बांधतो?"

"जोलीन, जाऊ दे ना!" म्हणून धनुष्य उचललं आणि गेला.

रविवारी दुपारी तो "लाकडं बघून येतो" म्हणून निघाला. अर्ध्या तासाने मी दुकानाची गाडी काढली. लाकडं बघायला माणूस धनुष्याची पेटी नेत नाही. तिरंदाजी क्लबच्या मैदानाबाहेर त्याने आणलेली आमची गाडी, आणि तिच्या शेजारी लुआनची पांढरी पिकअप. मी माझ्या गाडीत दोन मिनिटं बसून राहिले. काय बोलायचं ते ठरवलं, नंतर त्यातलं एकही वाक्य वापरलं नाही.

स्प्रूसच्या झाडांमागून बघितलं. लुआन हात बांधून बाजूला उभी. धनुष्य तिच्या हातात नव्हतं, आर्नीच्या हातात होतं. डाव्या हाताने दोरी ओढत होता. मुठीपासून कोपरापर्यंत एक सरळ रेघ, दोरी जबड्याच्या कोपऱ्याला टेकलेली. एकतीस वर्षं मी ज्यासाठी घसा कोरडा केला होता ते त्या माणसाच्या अंगावर समोर दिसत होतं. साडेसत्तावीस. त्याचंच माप.

बाण सुटला आणि रबरी हरणाच्या वरून झाडात गेला.

"पीप नाही म्हणून," लुआन म्हणाली. "बायकोला सांग, ती दोन मिनिटांत बांधेल. किती वेळा सांगू? मोसमाच्या आत सांगितलं नाहीस, तर मी तुझा ट्रक काट्यावर घेणार नाही. परवा माझ्या काट्याचा खांब घासलास, उद्या माणूस घासशील."

मी बाहेर आले. आर्नीच्या उजव्या बाजूने, दहा पावलांवरून, उघड्या गवतातून. लुआनने मला पाहिलं. त्याने नाही. मी पार खांद्यापाशी पोचले तरी त्याने नाही.

"हात जुळव," मी म्हटलं.

तो केवढ्याने दचकला! "जोलीन? तू कधी…"

"हात जुळव, भोक कर. दोन्ही डोळे उघडे. माझं नाक बघ."

त्याने पंजे जुळवले. भोकात मला त्याचा डावा डोळा दिसला. ओला झालेला. उजवा तळहाताच्या आड होता आणि त्याला तसंही काही दिसत नव्हतं.

"मे महिन्यापासून," तो म्हणाला. "आत रक्त साचलं. शहरात डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही."

"आणि तू ट्रक चालवतोस? चाळीस टन लाकूड घेऊन? शाळेच्या बसच्या रस्त्यावरून?"

"तुला सांगितलं असतं तर तू चालवू दिला असतास?"

"नसता!"

"म्हणून."

मी ओरडले. काय काय बोलले ते लुआनला विचारा, तिने सगळं ऐकलं. त्यात तिच्याबद्दल मनात धरलेलंही बोलून गेले. ती आधी बघतच राहिली, मग इतकी हसली की खाली बसली. "याच्याबरोबर? अगं, हा एकोणतीस इंचवाला! कोण नांदवेल?"

मला हसू आलं नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचा डोळा मी तपासते, आणि घरातला डोळा विझताना मी त्यात दुसरी बाई शोधत होते. त्याचाही राग होता, माझाही होता. कुणाचा जास्त ते आजही ठरलं नाही.

"ट्रकची चावी," म्हटलं.

त्याने आधी खिसा घट्ट धरला. मग चावी माझ्या हातावर ठेवली. अजून गरम होती.

"तुझ्या कामावरच्या साहेबांना उद्या तू सांगशील. मी बरोबर येते."

"हं."

"आता डोळे मीट. खेच. दोरी टेकली? उघड."

"दोरी दिसतेय नुसती."

गाडीतून दोरा काढला, पीप ओवलं, वर सरकवलं, त्याला परत खेचायला लावलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "दिसलं." बाण हरणाच्या खांद्यात गेला. लुआनने टाळी वाजवली. त्याने बाणाकडे बघितलंच नाही, मी कुठे आहे ते शोधत होता. मी त्याच्या डाव्या बाजूला गेले.

त्याने आणलेली गाडी लुआनच्या भावाने नंतर पोचवली. आम्ही दोघं दुकानाच्या गाडीतून निघालो, चालवायला मी. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या उजव्या हाताला बसला आणि अख्खा रस्ता माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

"समोर बघ," म्हटलं.

"कशाला? चालवतेस तू."