न कळलेली ओळ

"बाई, चारशे बारा चाचण्या, चारशे बारा ओके. आता तरी सही करा!"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अनोळखीचा रकाना कुठे गेला रे?"

मी पाणी प्यायला उठलो.

बाई आधी शाळेत गणित शिकवायच्या. चाळिशीनंतर प्रोग्रामिंग शिकून कंपनीत आल्या, आणि आता निवृत्तीला तीन आठवडे उरले तरी सगळ्यांच्या त्या बाईच होत्या. आमचं काम इस्पितळातल्या औषधाच्या पंपाचं सॉफ्टवेअर करण्याचं. रोग्याच्या शिरेत थेंब थेंब औषध किती जायचं, ते हा पंप ठरवतो. त्याच्या चाचण्या चालल्या की पडद्यावर ओळींची रांग लागते: ओके एक, ओके दोन, नॉट ओके तीन.

त्या ओळी वाचणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा एक भाग, बाईंनी लिहिली होती. तिच्यात प्रत्येक ओळीचा एक ऑब्जेक्ट व्हायचा. ऑब्जेक्ट म्हणजे, बाईंच्या भाषेत, विचारलं की उत्तर देणारं कार्ड. तू कोण? मी चाचणी. कितवी? पास की नापास? एखादं म्हणणार, मी नुसती टीप. आणि जिचा अर्थच लागत नाही, त्या ओळीचाही ऑब्जेक्ट व्हायचा. त्याचं नाव 'अनोळखी'. त्याच्यापाशी आपली मूळ ओळ जशीच्या तशी असायची, बाकी काही नाही.

"बाईंनी कचऱ्यालासुद्धा खुर्ची दिलीय," असं मीच एकदा म्हणालो होतो. सगळे हसले, बाईही हसल्या, आणि खुर्ची तिथेच राहिली.

रोज अहवालात वीस-पंचवीस अनोळखी ओळी यायच्या आणि "हे काय?" म्हणून साहेब माझं डोकं खायचे. म्हणून गेल्या सोमवारी मी गुपचूप एक चाळणी लावली. अनोळखी ऑब्जेक्ट अहवालात येणारच नाहीत. अहवाल कसा लख्ख दिसू लागला! स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो. आज दुपारी चारला पंपाची नवी आवृत्ती इस्पितळांकडे जायची होती.

"रकाना मी काढला," परत येऊन मी कबूल केलं. "कचराच असतो तो, बाई."

"वाचलास?"

"काय?"

"कचरा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून रोज एक वाजता त्यांच्या यजमानांचा फोन यायचा. अर्धांगवायूनंतर त्यांचे शब्द पार विस्कटले होते. बाईंनी कागद पुढे ओढला. "हं, परत सांगा... हं." ऐकू येईल तसं त्या लिहीत गेल्या. कधी संध्याकाळी घरी गेल्यावर उलगडा व्हायचा, की ते खिडकीच्या कडीबद्दल सांगत होते. कधी व्हायचाच नाही.

"कळत नाही तर लिहिता कशाला?" असं मागे एकदा मी तोंड वर करून विचारलं होतं.

"मला कळलं नाही म्हणजे ते काही बोललेच नाहीत, असं थोडंच आहे?" त्या म्हणाल्या होत्या.

फोन ठेवून त्यांनी माझी चाळणी काढली, चाचण्या पुन्हा लावल्या आणि तेवीस अनोळखी ओळी पेन्सिल घेऊन एकेक वाचायला बसल्या. दोन वाजले, अडीच वाजले. साहेब दोनदा डोकावून गेले. मी मनात चडफडत होतो.

एकोणिसाव्या ओळीवर पेन्सिल थांबली. तिथे एकच शब्द होता: नॉट.

"खालची ओळ बघ," बाई म्हणाल्या.

खालची ओळ होती: ओके दोनशे सात.

मी दोन्ही ओळी जोडून वाचल्या: नॉट ओके दोनशे सात. पंपाच्या दुसऱ्या कुठल्या तरी भागाने छापता छापता मध्येच ओळ तोडली होती. नॉट वर राहिलं, ओके खाली पडलं. लायब्ररीने खालचं पास म्हणून मोजलं आणि वरचं, अर्थ लागेना म्हणून, जपून ठेवलं. ते मी झाकून टाकलं होतं. दोनशे सातवी चाचणी अशी: वीज गेली आणि पंप बॅटरीवर आला, तर आधी दिलेलं औषध तो विसरता कामा नये. आमचा पंप विसरत होता. तोच डोस त्याने पुन्हा दिला असता.

साहेब तिसऱ्यांदा आले. "झालं का? आणि हा रकाना मध्ये बंद होता ना?"

मी तोंड उघडलं, पण बाई आधी बोलल्या. "तो आम्ही दोघांनी परत सुरू केलाय. आवृत्ती आज जाणार नाही."

'आम्ही दोघांनी'. मोठ्या पदावरची माणसं मी पुष्कळ पाहिली. एवढं मोठं माणूस त्यांच्यात एकही नव्हतं.

बाई ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या. पंप दुरुस्त व्हायला आणखी महिना गेला. पुन्हा चारशे बारा ओके, आणि अनोळखी एकवीस, मी स्वतः वाचलेल्या. हे त्यांना सांगावं म्हणून मी त्यांच्या घरी फोन लावला. फोन यजमानांनी उचलला.

"बाई आहेत का?"

पलीकडून ते काहीतरी म्हणाले. मला एक अक्षर कळलं नाही. ते पुन्हा तेच म्हणाले, जरा घाईने. "बरं, मग नंतर करतो" एवढं अगदी ओठांवर आलं होतं.

मी कागद पुढे ओढला.

"हं, काका," मी म्हणालो, "परत सांगा."