डाव्या हाताची जागा

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. संगणकाचा नव्हे बरं का, वाजवायचा! टकटक करणाऱ्या त्या मंडळींशी माझी गल्लत केलेली मला मुळीच खपत नाही.

कारखान्यातून मी दुकानाच्या काचेत आलो आणि तिथून दोन शाळकरी मुलींच्या हाती पडलो. एकीला सगळे मुंगी म्हणत, कारण कामाला लागली की ती मान वर करत नसे. दुसरी शेजारची भिंगरी. तिचा पाय एका जागी ठरत नसे. घर मुंगीचं, पण मी दोघींचा. उजवीकडचे वरचे सूर मुंगी वाजवायची, डावीकडचे खालचे भिंगरी. एकदा भिंगरीनं पेलाभर दूध माझ्यावर सांडलं. तेव्हापासून माझी डावीकडची एक पट्टी दाबली की खालीच बसते, आणि तिला नखानं अलगद उचलावं लागतं. ती युक्ती फक्त भिंगरीला साधली होती.

पुढे भिंगरी दूरच्या शहरात गेली. आधी लांबलचक फोन व्हायचे, मग मेसेज, मग नुसते अंगठे. भांडण झालं नाही, हेच वाईट. भांडण मिटवता तरी येतं. मीही कपाटावर धूळ खात पडलो.

मोठेपणी मुंगी संगीतकार झाली. एके दिवशी तिनं मला खाली काढलं, पुसलं, संगणकाला जोडलं आणि त्या हरवलेल्या मैत्रीवर रचना बांधायला घेतली. काय सांगू तिची कमाल! सुरुवातीला उजवे-डावे सूर एकमेकांचं बोलणं तोडत गप्पा मारतात. मग डावे सूर तुटक होत जातात आणि शेवटी त्यांच्या जागी फोनची टिंग तेवढी उरते. डाव्या सुरांची ती रिकामी जागा संगणक चुटकीसरशी भरून द्यायला तयार होता. मुंगीनं ती भरू दिली नाही. दुरुस्तीवाल्यालाही तिनं त्या पट्टीला हात लावू दिला नाही.

रचना तिनं भिंगरीला पाठवली. उत्तर लगेच आलं: अंगठा. अहो, ऐकायला तरी वेळ लागतो की नाही? मुंगीनं माझ्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. माझे सगळे सूर एकदम कळवळले. मग डोळे पुसून तिनं तो अंगठा आला तेव्हाची टिंग रचनेच्या अगदी शेवटी जोडली आणि पुन्हा पाठवली. सोबत लिहिलं, "शेवटची टिंग तुझी आहे. या वेळी आधी ऐक."

अंगठा आला नाही. काहीच आलं नाही. मला वाटलं, आता संपलं.

आणि एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात भिंगरी, खांद्यावर प्रवासाची बॅग. ती थेट माझ्यापाशी आली.

"सरक उजवीकडे," ती म्हणाली. "किती गं जागा ठेवलीस माझ्यासाठी."

तिनं ती पट्टी दाबली. पट्टी नेहमीप्रमाणे खाली बसली. भिंगरीनं न बघताच ती नखानं उचलली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वाद्यांना पुसा, झाका, जपा. फक्त माझी ती पट्टी कोणी दुरुस्त करू नका.