सकाळचा बर्फ

कुन्झेस ‘नको’ म्हणाली आणि तिथंच फसली.

गावात कुणी चहा पुढे केला तरी आधी नको म्हणायचं, पुन्हा नको म्हणायचं, मग घरच्या बाईनं पार हातघाईवर येऊन वाटी भरायची, अशी रीत. पहिल्याच हाकेला हात पुढे करणारा हावरट. हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की बर्फावरच्या हॉकीच्या क्लबचे म्हातारे अध्यक्ष नामग्याल, सगळ्या गावाचे आझांग म्हणजे मामा, भर सभेत म्हणाले, “माझ्यामागं क्लब कुन्झेसनं सांभाळावा,” आणि ती लाजून लाल होत बोलून गेली, “नको, आझांग-ले! एवढी मोठी माणसं बसलीत. मी कसली?”

आता आग्रह व्हायचा. पण पुरुषांच्या संघाचा कप्तान रिग्झिन, त्यानं आपलं घोडं पुढे दामटलं.

“नको म्हणतेय तर छळता कशाला बिचारीला? आणि अध्यक्षानं खेळायचं नाही, हा आपला नियम. ही गोलकीपर गोलातून गेली तर मुलींच्या संघात उरतं काय? सगळ्यांचा हुकूम असेल तर मी आहेच.”

हुकूम कुणी केला होता देव जाणे. त्याच्या दोस्तानं तर नव्या अध्यक्षाच्या गळ्यात घालायचा मानाचा पांढरा रेशमी खताकही खिशातून काढला. इतकी तयारी घरून करून आलेला!

कुन्झेस दाराजवळ बसली होती. बायकांची रांग तिथंच संपते.  गावामागच्या गोठलेल्या तळ्यावर कुणी कधी खेळायचं, हे अध्यक्ष ठरवतो. सूर्य उगवायच्या आधीचा कडक, चकचकीत बर्फ वर्षानुवर्षं पुरुषांचा. मुलींना जेवणानंतर, म्हणजे उन्हानं बर्फाचा पार थुक्पा, शेवयांचं पातळ सूप झाल्यावर. गेल्या हिवाळ्यात त्यात स्केट रुतून एका पोरीचं मनगट मोडलं. कुन्झेस दरवर्षी सकाळ मागायची आणि दरवर्षी ‘बघू’ ऐकून परतायची. रिग्झिन त्या जागी बसला की हे ‘बघू’सुद्धा संपलं.

पण खरं सांगायचं तर तिचं ‘नको’ नुसतं रीतीचं नव्हतं. गोलात उभं राहिलं की तिला जगाचा विसर पडे. ते कायमचं सोडायचं? तिला रडूच येईलसं वाटलं. पण मग ते मोडलेलं मनगट आठवलं आणि ती झटकन उठलीच.

“आचो रिग्झिन,” थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारून ती म्हणाली, “थांबा. मला हवंय.”

रिग्झिन गर्रकन वळला.

“आत्ताच नको म्हणालीस की!”

“म्हणाले. तुमच्या घरी चहालाही म्हणते. तेव्हा किटली उचलून आत नेता?”

“याच्या घरी नेतात हो!” रांगेतली एक म्हातारी म्हणाली, आणि आधी बायका, मग सगळेच हसले.

रिग्झिन हसला नाही. “आणि गोलात कोण?”

“स्पालझेस.”

शेजारची स्पालझेस, संघातली सगळ्यांत धाकटी, दचकली. “मी? आचे, माझ्या पायांमधून याक जाईल!”

“जाऊ दे. शिकशील.”

नामग्याल उठले. त्यांनी त्या दोस्ताच्या हातातला खताक काढून घेतला आणि दारापर्यंत चालत येऊन कुन्झेसच्या गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पुरुष तळ्यावर पोचले, तर मुली बर्फावर.

“आजपासून एक दिवस आड,” कुन्झेस काठावरून म्हणाली. “आज यांची सकाळ, उद्या तुमची. आज तुम्ही जेवून या.”

“दुपारी काय खेळणार, कपाळ? बर्फ मऊ पडतो, माणूस पडतो, हाडं मोडतात!” रिग्झिन तावातावानं म्हणाला.

“असं?” कुन्झेस म्हणाली.

रिग्झिननं स्केटची जोडी खांद्यावर टाकली.

तेवढ्यात चकती सरळ स्पालझेसच्या पायांमधून गेली. कुन्झेसनं पाऊल उचललंही, मग तिला पायातले लोकरीचे बूट दिसले; स्केट आता तिचे नव्हते.  तिनं ते पाऊल काठावरच घट्ट रोवलं आणि तळं दणाणेल अशा आवाजात ओरडली, “गुडघे वाकव, पोरी! परत मार गं कुणीतरी. आज वेळ आहे आपल्याकडे!”