शेऱ्याचा रकाना

थर्मामीटर फ्रिजमध्ये नव्हता, आणि तरी वहीत त्या सकाळचं तापमान लिहिलेलं होतं: चार अंश.

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत नमुन्यांचा फ्रिज रोज सकाळी आठला उघडायचा, ग्लिसरीनच्या बाटलीत उभा केलेला थर्मामीटर वाचायचा, आकडा वहीत मांडायचा आणि सही करायची. अकरा वर्षं हे काम मुंगीकडे होतं. मुंगी हे नाव तिच्या बारीक अक्षरामुळे कॉलेजातल्या मैत्रिणीने ठेवलेलं. ती मैत्रीण एकदा प्रयोगशाळेत येऊन मोठ्याने हाक मारून गेली, आणि तेव्हापासून इथेही तेच चिकटलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या बाईंनी ग्लिसरीनची बाटली उजेडात धरली.

“हा कुठाय गं?”

“आतच असेल.”

“आत काय तुझा काका बसलाय? सहा तारखेला तो तपासणीला पाठवला. पावतीवर तुझीच सही आहे. बदली थर्मामीटर ठेव म्हणाले होते मी, तो अजून कपाटात झोपलाय. आणि आज पंचवीस तारीख.”

रविवार सोडले तर सोळा नोंदी. सोळाही वेळा चार अंश, खाली व्यवस्थित सही. मुंगी बघतच राहिली. आकड्यांशी तिने आजवर कधी लबाडी केली नव्हती. कॉलेजात प्रयोगाचं उत्तर चुकलं तर ती चुकलेलंच लिहायची, आणि गुण गेले की मैत्रीण तिला वेड्यात काढायची.

“नमुने ठीक आहेत,” बाई म्हणाल्या. “दारावरचा डिजिटल आकडा मी रोज पाहते. मला त्यांची काळजी नाही. तुला काय झालंय?”

या प्रश्नाचं उत्तर मुंगीकडे सात महिने तयार होतं. ते उत्तर म्हणजे मैना.

मैना म्हणजे तीच कॉलेजातली मैत्रीण. तोंडाला कुलूप नाही, म्हणून मैना. दोघी कथा लिहीत. वीस वर्षं दर शनिवारी दुपारी मैनेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकमेकींना वाचून दाखवत. एकीने वाचायचं, दुसरीने चहा करायचा आणि बोचेल तेवढं खरं बोलायचं. त्याच टेबलाशी मुंगीने आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली होती. ते शिंपी होते आणि त्यांची नजर हळूहळू गेली, पण ते कुणाला कळू नये म्हणून रोज सकाळी पेपर समोर धरून बसायचे. आई मुकाट्याने पेपर सरळ करून त्यांच्या हातात द्यायची. दोन वर्षं मुंगी ही कथा घोळवत होती. एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला एका मासिकात ती छापून आली. खाली नाव मैनेचं होतं.

“माझे बाबा होते ते,” मुंगी फोनवर एवढंच म्हणू शकली.

“अगं, पण तू लिहीतच नव्हतीस! मला वाटलं, तशीच पडून राहील. वाया गेली असती.”

पडून राहील! जसं काही दारातलं दूध होतं, कुणीच उचललं नाही म्हणून हिने उचललं. मुंगीने कानाला खडा लावला. शनिवार बंद केले, लिहिणं बंद केलं. पहाटे चारला जाग यायची, जेवण कागद चावल्यासारखं लागायचं. नवरा म्हणायचा, “चल, जरा फिरून येऊ.” त्याने सांगितलं म्हणून ती बूट घालायची आणि तशीच पलंगावर बसून राहायची. कुणी विचारलंच तर कारण हाताशी होतं. जवळच्या माणसाने केसाने गळा कापला होता. आणखी काय व्हायला हवं?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“डॉक्टरांकडे जा,” त्या म्हणाल्या. “आणि आधी या सोळा नोंदी खोड. एकच रेघ, शेजारी सही. खालचा आकडा दिसला पाहिजे. गिरगटायचं नाही.”

मुंगी वही घेऊन खिडकीशी बसली. सोळा रेघा मारून झाल्या, मग उगाच मागची पानं चाळू लागली. पानाच्या उजव्या कडेला शेऱ्याचा रकाना होता. इतर लोक त्यात ‘ठीक’ लिहीत, नाहीतर काहीच नाही. मुंगीचे शेरे वाचायला मात्र शेजारच्या खोलीतला तंत्रज्ञसुद्धा यायचा. ‘दार लागताना घसा खाकरतं.’ ‘आज साडेतीन. फ्रिजलाच हुडहुडी भरली असावी.’ ‘आतला दिवा गेला. नमुने अंधारात एकमेकांची चौकशी करत असणार.’

हे सगळं मागच्या वर्षीचं. यंदाच्या पानांवर जवळजवळ नुसतं ठीक, ठीक, ठीक. तिने शेवटचा खरा शेरा शोधला. नऊ जानेवारी: ‘नवा दिवा. सगळ्यांचे डोळे दिपले.’ त्यानंतर एकही नाही. आकडासुद्धा तिथूनच हलायचा थांबला होता.

मुंगीने तारीख पुन्हा वाचली. मासिक आलं एप्रिलच्या अठ्ठावीसला. मधे साडेतीन महिने होते.

ती विज्ञान शिकलेली बाई होती. जे आधी सुरू झालं त्याचं कारण नंतर घडलेलं काही असू शकत नाही, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. मैनेने दगा दिला, यात तिळमात्र शंका नव्हती. पण दगा होण्याआधीच ती फ्रिज उघडून आत न बघता आकडा मांडायला लागली होती. इतके महिने उराशी धरलेलं कारणच फितूर निघालं. आणि मैनेचं ते वाक्य, तू लिहीतच नव्हतीस, जे मुंगीने निर्लज्ज बहाणा म्हणून हजारदा आठवलं होतं, ते खरं होतं.

डॉक्टर वयाने लहान होत्या. झोप, भूक, मन कशात रमतं, जगणं नकोसं वाटतं का, सगळं त्यांनी घाई न करता विचारलं. मुंगीने सोबत नेलेल्या कागदावरच्या तारखा वाचून दाखवल्या.

“याला नैराश्य म्हणतात,” डॉक्टर म्हणाल्या. “आजार आहे. बरा होतो, पण वेळ घेतो.”

“पण माझ्याशी खरंच दगा झालाय.”

“झाला असेल की. पाय मोडलेल्या माणसाच्या घरीही चोरी होते. तक्रारी दोन आहेत. माझ्याकडे एकीचंच औषध आहे.”

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन आठवडे फक्त तोंड कोरडं पडलं. दर गुरुवारी ती समुपदेशकाकडे जाऊन यायची. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिने फ्रिज उघडला आणि तपासून परत आलेल्या थर्मामीटरवर चार पूर्णांक सहा दिसलं. चार नव्हे! तिने वाकून दोनदा वाचलं. मग शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: ‘पाहुणा घरी परतला. अजून रुसलेला आहे.’

बाई सही करताना थबकल्या. “रुसलेला कोण गं, तो की तू?” म्हणाल्या आणि वही मिटून निघून गेल्या.

त्या शनिवारी दुपारी मुंगीने आपणहून मैनेला फोन लावला.

“मुंगे! अगं, कुठे होतीस? किती वाट—”

“एकच विचारायचंय. मी लिहीत नाहीये, हे तुला कधी कळलं?”

पलीकडे मैनेने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“जानेवारीत असेल,” ती म्हणाली. “तू नुसती चहा करायचीस. वाचायला कागदच आणायची नाहीस.”

“मग विचारलं का नाहीस?”

“खरं सांगू? विचारलं असतं, तर तू परत लिहायला लागली असतीस.”

मुंगीने फोन ठेवला. रडू आलं नाही. घरातल्या घरात आजारी पडलेलं माणूस मैनेने सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. नवऱ्याच्या, बाईंच्या, खुद्द त्या माणसाच्याही आधी. ओळखलं, आणि पायाचा आवाज न करता सामान उचलून नेलं.

फक्त सगळं सामान तिला मिळालं नव्हतं. मासिकातल्या कथेत आई शेवटपर्यंत पेपर सरळ करून देते, आणि वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात. कारण मुंगीने मैनेला सांगितलं होतं तेवढंच. उरलेलं तिने दोन वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं, आणि म्हणून कागद पुढे सरकत नव्हता.

तिने प्रयोगशाळेतून आणलेली कोरी वही उघडली. लिहिलं: ‘आई रोज सकाळी पेपर सरळ करून बाबांच्या हातात देई.’ थोडा वेळ त्या वाक्याकडे बघितलं. मग ‘रोज’वर एकच रेघ मारली, खालचा शब्द दिसेल अशी, आणि पुढे लिहीत गेली.

‘एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या सकाळी आईने शेजारच्या काकांना चहाला बोलावलं आणि बाबांच्या हातात पेपर उलटा दिला. बाबांनी पान उलटलं, मान डोलावली, म्हणाले, दिवस काही बरे नाहीत. काका हसले. आई हसली नाही, पण तिने पेपर सरळही केला नाही. मी बारा वर्षांची होते. दारात उभी होते. मला सगळं दिसत होतं, आणि मी काही बोलले नाही.’