कारभारी उस्तादांचा उजवा पाय

नवे ड्रायव्हर माझ्याकडे येतात आणि पहिल्याच आठवड्यात तोंड वाकडं करतात. सोमाभाऊ, तुम्ही लय टोकता. सोमाभाऊ, चांगलं चालवलं तरी तुम्ही चांगलं म्हणत नाही. मी म्हणतो, अरे बाबांनो, मी तर देवमाणूस आहे! कारभारी उस्तादांच्या शेजारी बसून गाडी चालवली असती, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी गावाकडची एस.टी. धरली असती.

मी मात्र टिकलो. एक्क्याऐंशीच्या श्रावणात लागलो तेव्हा हेवीचं लायसन खिशात होतं आणि डोकं आभाळात. नाशकात द्वारकेला आमच्या शेठचं ऑफिस आणि मालट्रक लावायची जागा. शेठचा नियम एकच, त्यांच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरनं, म्हणजे कारभारी उस्तादांनी, ‘देऊन टाका’ म्हटल्याशिवाय नव्या माणसाच्या हातात एकट्याला गाडी द्यायची नाही. तोवर उस्ताद शेजारी बसणार, आपण चालवायची.

फेब्रुवारीत शेठनं कोरी गाडी घेतली. शनिवारी ती पहिल्या फेरीला निघणार होती. त्याच्या आत उस्तादांनी शब्द दिला तर गाडी माझी, नाहीतर मालेगावचा एक मुरलेला ड्रायव्हर शेठनं ठरवूनच ठेवला होता. इकडे निफाडला आमच्या आईनं, सखुबाईनं, सगळ्या आळीला सांगून टाकलेलं, आमच्या सोमाला नवी गाडी मिळाली म्हणून. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

आता उस्तादांच्या खोडी ऐका. एक म्हणजे त्यांचा उजवा पाय. ते डावीकडे बसायचे, चपला काढून. तिकडे कसला आलाय ब्रेक? नुसती फळी. पण पुढे बैल दिसला, वळण आलं, की त्यांचा पाय त्या फळीवर दाबला जायचा, आणि दर वेळी माझ्या आधी. मी ब्रेकवर जाईपर्यंत त्यांचा अंगठा पांढरा पडलेला असायचा. तोंडानं एक शब्द नाही. फळीचा त्या जागचा रंगसुद्धा उडाला होता. त्या पायाचा मला असा राग यायचा की विचारू नका.

दुसरी खोड द्राक्षांच्या दिवसातली. निफाडची द्राक्षं भरून मुंबईच्या मार्केटात गाडी लागली, की उस्ताद खालच्या थरातली मागची एक पेटी काढायचे. झाकण उघडून घड अलगद बाजूला ठेवायचे आणि तळाच्या कागदावर सुटे पडलेले मणी मोजायचे. गाडीला हिसका बसला की मणी देठापासून सुटतो, त्याला खोटं बोलता येत नाही.

“तेवीस,” ते म्हणायचे. “शहापूरच्या अलीकडं सायकलवाला आडवा आला, तवा कुठं बघत व्हतास?”

आयला, बरोबर तिथंच हिसका बसलेला असायचा! मी मनातल्या मनात शिव्या घालायचो, पण पुढच्या फेरीला लांबूनच गाडी हळू करायचो. तेविसाचे बारा झाले, बाराचे चार झाले. तरी ‘देऊन टाका’ काही तोंडातून निघेना.

द्वारकेलाच झुंबर नावाचा एक जण पंक्चर काढायचा. तोही उस्तादांचाच चेला. घाटात गाडी ठोकली आणि डावा पाय गुडघ्यापासून गेला, एवढंच मला ठाऊक होतं. त्याच्याकडे जाऊन मी गाऱ्हाणं गायचो, उस्ताद माझ्यावर खार खाऊन आहेत म्हणून. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसायचा. उस्तादांबद्दल वाईट शब्द त्यानं कधी काढला नाही.

शेवटची फेरी गुरुवारची. पहाटे निफाडला पेट्या भरल्या, दहाच्या सुमाराला इगतपुरीला चहा घेतला. कसारा घाटाच्या तोंडाशी गाडी उभी करून मी खाली उतरलो आणि लोखंडी टामीनं सगळी चाकं ठोकून पाहिली. हवा कमी असली की टायर भद्द वाजतो, हेही उस्तादांनीच शिकवलेलं. सगळी ठणठणीत. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, तसा गिअर टाकला आणि निघालो. मनात एकच होतं, आज तळाला एकसुद्धा मणी सापडता कामा नये. उस्तादांच्या हातात कोरा कागद द्यायचा आणि म्हणायचं, मोजा आता!

अर्धा घाट उतरलो. हॉर्न देऊन वळण घेतलं आणि समोर रस्त्याच्या मधोमध एक बाई. डोक्यावरची लाकडांची मोळी सुटून पडलेली, आणि ती खाली बसून लाकडं गोळा करतेय.

मी काय केलं ते मला नंतर कळलं. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. मागं पेट्या धडाधड आदळल्या, गाडी करकरली आणि बाईपासून दोन हातांवर थांबली. बाई उठली, कंबरेवर हात ठेवला आणि ओरडली, “मेल्या, डोळे फुटले का तुझे?”

तिचं बरोबरच होतं. मी खाली उतरलो, लाकडं गोळा केली, मोळी आवळून तिच्या डोक्यावर दिली. परत येऊन बसलो तर उस्ताद आपल्या पायाकडे बघत होते.

“चल,” एवढंच म्हणाले.

कसारा गेलं, शहापूर गेलं, भिवंडी गेली, हा माणूस आपला पायाकडेच बघतोय. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. शनिवारी मालेगाववाला माझ्या गाडीवर बसणार आणि आई आळीत तोंड लपवणार, हे डोळ्यांसमोर दिसत होतं.

मार्केटात उस्तादांनी नेहमीची पेटी काढली. घड उचलले. तळाचा कागद दिसेना, इतके मणी. त्यांनी वाकून पहिल्या मण्याला हात लावला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“मोजू नका!” मी भर मार्केटात ओरडलो. “शेठला सांगा, बोलवा मालेगाववाल्याला. पण ती बाई उद्या पुन्हा आडवी आली, तर मी पुन्हा असाच ब्रेक मारीन. तुमची द्राक्षं गेली खड्ड्यात!”

आजूबाजूचे हमाल थांबून बघायला लागले. उस्तादांवर आवाज चढवायचा म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं.

उस्ताद शेजारच्या पेटीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

“झुंबरचे मणी कधी दोनाच्या वर गेले नाय,” ते म्हणाले. “असा हात कुणाचा नव्हता. त्याच घाटात त्याच्यापुढं बैलगाडी आली. मी शेजारीच व्हतो. माझा पाय फळीवर दाबलेला, अन् त्याचा पाय काय जाईना. दवाखान्यात मला म्हणतो कसा, उस्ताद, मणी सुटले असते. माझ्या धाकापायी त्यानं पाय घालवला रे. तवापासून मी कुणालाच ‘देऊन टाका’ म्हणलं नाय. वाटायचं, तुलाबी मी तेच शिकवलं असंल.”

मी त्यांच्यासमोर खालीच बसलो.

“आज माझा पाय फळीवर गेला, तवर गाडी थांबायला लागली व्हती,” ते म्हणाले. “माझ्या आधी तुझा पाय गेला, सोमा.”

मग पेटीच्या तळाचे मणी त्यांनी ओंजळीत घेतले आणि माझ्या हातात ओतले. “खा. हे मोजायचे नसत्यात.”

मी खाल्ले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

शनिवारी सकाळी उस्ताद आधी मला घेऊन झुंबरच्या दुकानात गेले. घाटातलं सगळं त्याला सांगितलं, बाईची शिवीसुद्धा. झुंबरनं ट्यूब खाली ठेवली. “मग माझं तोंड काय बघताय, उस्ताद?” तो म्हणाला. “शेठकडं जाऊन म्हणा की देऊन टाका म्हणून.”

उस्तादांनी म्हटलं. आणि झुंबर काखेत कुबडी, हातात टामी घेऊन माझ्या कोऱ्या गाडीभोवती फिरला. सगळी चाकं त्यानं एकेक ठोकून, कान देऊन ऐकली, आणि मगच मला म्हणाला, “जा.”