शेंदूर पुसल्यावर

सकाळी अकरा वाजता नगरमधल्या एका खाजगी दवाखान्यात गहिनीनाथच्या मांड्यांचा एक्स-रे निघाला आणि त्यावर पांढरे डाग दिसले. १९७१ चा नोव्हेंबर होता.

डॉक्टर काळ्या रेषा शोधत होते. थोरला भाऊ कानिफनाथ याच्या फिल्मवर त्या आधीच सापडल्या होत्या. स्नायूंतली साखर वापरली न जाता साठते, मांस झिजतं, तिथं चरबी येते आणि ती काळी दिसते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोग घराण्यातून येतो, म्हणून धाकट्यालाही बोलावलं. औषध नव्हतं. जड काम सोडलं तर पाय जास्त वर्षं चालतील, एवढंच.

गहिनीनाथ तर ऊसतोडीला निघाला होता. खर्ड्याकडून टोळीचा ट्रक राहात्याला जाताना दुपारी त्याला नागापूरला घेणार होता. बायको ट्रकमध्येच होती. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो राहिला तर तिलाही काम नाही.

डागांचा उलगडा कानिफनाथबरोबर दवाखान्यात आलेली त्याची बायको चांगुणा हिने केला. निघताना सासूने गहिनीनाथच्या मांड्यांना भैरोबाचा शेंदूर तेलात कालवून फासला होता. भावजयीसमोर मांडी उघडी करायची लाज, म्हणून त्याने धोतर सोडलं नव्हतं आणि शेंदूर डॉक्टरांना दिसला नव्हता. शेंदरात शिसं असतं. किरण तिथं अडले.

तिला बाहेर पाठवून रॉकेलने, मग साबणाने मांड्या धुतल्या. दुसरी फिल्म निघाली. वाळल्याशिवाय नक्की सांगणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

गहिनीनाथ दाराकडे बघत बसला. चांगुणा नवऱ्याला उठवायला वाकली तसा गहिनीनाथ म्हणाला, "वैनी, राहू द्या. दादाला उठवायला बैलजोडी लागंल."

मग तो स्वतः उठला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून.

"हात का टेकलास?" कानिफनाथने विचारलं.

"सवय हाय."

"मला बी सवयच हुती."

ट्रक चुकेल म्हणून गहिनीनाथ फिल्म वाळायच्या आत निघून गेला.

फिल्म वाळली. दोन्ही मांड्यांत काळ्या रेषा होत्या. थोरल्यापेक्षा बारीक, पण त्याच जागी. डॉक्टरांनी सांगितलं, त्याला थांबवा.

कानिफनाथ आणि चांगुणा टांग्याने नागापूरला पोचले तेव्हा ट्रक गेला होता. मागून दुसऱ्या टोळीचा ट्रक आला, राहात्याकडेच जाणारा. कानिफनाथला पाय उचलून ट्रकच्या मागच्या फाळक्यावर टाकता येईना. वरच्या बायकांनी हात दिला आणि चांगुणा चढली, फिल्म पदरात गुंडाळून.

"त्यानं न्हाई ऐकलं तर?" तिने वरून विचारलं.

"त्याच्या बायकूला दाव."

रस्त्याकडेच्या टपरीवाल्याने कानिफनाथला दगडावर बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहात्याकडून निरोप नव्हता.